‘बरं आहे’ म्हणणाऱ्या बाईला काय विचारायचं?

(अंगणवाडी सेविकांच्या मोबाइलवरच्या कामाची पाहणी हाती घेणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)



तुमची प्रश्नावली मला गेल्या आठवड्यात मिळाली. ४ पानं, ३८ प्रश्न. मी ती तीनदा वाचली आणि समासात इतकं लिहिलं की आता मूळ छापील मजकूर शोधावा लागतो. म्हणून आज ‘सर्वेक्षणाचे प्रकार व पद्धती’ असं काही बोलणार नाही. या ३८ प्रश्नांबद्दलच बोलणार आहे. रागावू नका.

मघाशी ताईंनी माझी ओळख ‘कॉम्प्युटरवाल्या’ अशी करून दिली. ते अर्धंच खरं. मी पुण्यात सॉफ्टवेअरच्या धंद्यात वीसेक वर्षं आहे, पण प्रोग्रॅम लिहीत नाही. एखादं अ‍ॅप, एखादा ऑनलाइन फॉर्म, बँकेचं एखादं मशीन माणसं प्रत्यक्षात कशी वापरतात, कुठे अडतात, कुठे कंटाळून सोडून देतात, हे शोधून काढायचं माझं काम. आमच्यात त्याला यूएक्स रिसर्च म्हणतात. मी आपलं ‘वापरणाऱ्यांचा अनुभव’ म्हणते. कंपन्या या कामाला पैसे मोजतात, कारण गिऱ्हाईक अडलं की दुसऱ्या दुकानात जातं. सेविकेला दुसरं दुकान नाही. अ‍ॅप चालो न चालो, तिला रोज ते उघडायचंच आहे आणि त्यात माहिती दिसली नाही तर ‘काम झालं नाही’ असाच अर्थ निघतो. त्यामुळे तुमची पाहणी माझ्या नेहमीच्या कामापेक्षा जास्त जोखमीची आहे, असं मला मनापासून वाटतं.

मागचं थोडं आठवू या. पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप मार्च २०२१ मध्ये आलं. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. फोन कमी ताकदीचे, तापणारे, सारखे बंद पडणारे, दुरुस्तीचा भुर्दंड बाईच्या माथी, आणि अ‍ॅपमध्ये माहिती इंग्रजीत भरायची. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. पुढे अ‍ॅप मराठीत आलं. मग नवीन गोष्टी आल्या. लाभार्थींचं आधारवर आधारलेलं ई-केवायसी आणि २०२५ च्या जुलैपासून घरी न्यायचा आहार देताना चेहरा ओळखण्याची सक्ती. म्हणजे बाळंतीण समोर बसलीय, सेविका तिला जन्मापासून ओळखते, पण फोनने ओळखल्याशिवाय पाकीट द्यायचं नाही. ओटीपी जातो नवऱ्याच्या फोनवर, आणि नवरा ऊसतोडीला गेलेला.

हे सगळं कळलं ते बायका रस्त्यावर आल्या म्हणून. समजा, आंदोलनाच्या आधी कुणी पाहणी केली असती आणि तुमच्या कागदावरचा प्रश्न क्रमांक ४ विचारला असता: ‘सदर अ‍ॅप वापरण्यास सुलभ आहे काय? होय / नाही.’ काय उत्तर आलं असतं? मी सांगते. ‘बरं आहे की.’ आणि तुमच्या कार्यकर्तीने ‘होय’वर खूण केली असती.

हे ‘बरं आहे’ समजून घ्यायला हवं. ती खोटं बोलत नाही. घरी आलेल्या माणसाला तोंडावर वाईट सांगायचं नाही, ही रीत आहे. शिवाय विचारणारी शहरातली, हातात कागद, पायात चपला चांगल्या, म्हणजे वरून कुणीतरी पाठवलेली. आणि तिसरी गोष्ट: ‘सुलभ नाही’ म्हटलं तर ‘तुला जमत नाही’ असा त्याचा अर्थ होईल ही भीती. वीस वर्षांत मी शेकडो माणसांच्या शेजारी बसून त्यांना फोन वापरताना पाहिलंय. पुरुष अडला की म्हणतो, ‘हे बेकार बनवलंय.’ बाई अडली की म्हणते, ‘मलाच येत नाही हो.’ मशीन तेच, चूक तीच. याला अपवाद आहेत, पण फार नाहीत.

तर मग काय करायचं? आधी कागद बाजूला ठेवायचा आणि शेजारी बसायचं. पाहणीने ‘किती’ कळतं. ‘किती जणींना’, ‘किती वेळा’. ‘काय होतंय’ हे आधी माहीत नसेल तर किती हे कशाचं मोजणार? जेकब नील्सन म्हणून या क्षेत्रातला एक जुना जाणकार आहे. त्याचं सांगणं असं की माणसं काय म्हणतात याच्या आधी ती काय करतात ते बघा. मी एका तालुक्यात एका सेविकेजवळ तीन सकाळी बसले होते. तिने एकदाही तक्रार केली नाही. पण मला दिसलं ते असं. अंगणवाडीत रेंज नाही, म्हणून ती मुलांना मदतनीसबाईंवर सोपवून देवळाच्या पारावर जाते. तिथे अ‍ॅप उघडतं. जे भरायचं ते आधी वहीत लिहून ठेवते, कारण मध्येच अ‍ॅप बंद पडलं तर सगळं पुन्हा. म्हणजे काम दोनदा. जे राहिलं ते रात्री जेवणं झाल्यावर कॉलेजातली मुलगी भरून देते. मी विचारलं, ‘मुलगी भरते याचा त्रास नाही का वाटत?’ ती म्हणाली, ‘त्रास कसला? पोरगी हुशार आहे.’

आता बघा, यातलं एकही तुमच्या ३८ प्रश्नांत नाही. पार नाही, वही नाही, मुलगी नाही. असणार कसं? तुम्ही कार्यालयात बसून प्रश्न लिहिलेत. चांगल्या प्रश्नांपैकी निम्मे पारावर सापडतात.

आणि शब्दही तिथेच सापडतात. तुमच्या कागदावर ‘डेटा सिंक होण्यात अडथळे’ असं आहे. तिच्या भाषेत ते ‘गोल गोल फिरत राहतं’. मग प्रश्न असा करा: ‘गेल्या आठवड्यात, सोमवारपासून आजपर्यंत, ते गोल फिरत राहिलं आणि माहिती गेलीच नाही, असं किती दिवस झालं?’ यात सोपं-अवघड असं मत तिला द्यावं लागत नाही. घडलं की नाही एवढंच आठवायचं. आणि दोष आपोआप फोनकडे जातो, तिच्याकडे नाही.

असे प्रश्न विचारायची रीत आपल्याला नवी नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण तुमच्यातल्या काहीजणी ‘आम्हाला संशोधन कुठे येतं’ असं म्हणत होत्या. ‘काम करता का?’ असं विचारलं की दिवसभर शेतात राबणारी बाई ‘नाही, घरीच असते’ म्हणते. हे बायकांच्या संघटना आणि अभ्यासक ओरडून ओरडून सांगत होते. १९९१ च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नातच ‘शेतात किंवा घरच्या उद्योगात बिनमोबदल्याचं काम धरून’ असे शब्द घालण्यात आले. काम तेच होतं. प्रश्न बदलला तेव्हा त्यातलं थोडं कागदावर आलं.

पुढे वेळेच्या वापराच्या पाहण्या झाल्या. पहिली प्रायोगिक १९९८-९९ मध्ये ६ राज्यांत आणि मग देशभराची २०१९ मध्ये. त्यात बाईला ‘घरकामाला किती वेळ लागतो?’ असं विचारलं नाही. आदल्या दिवशी पहाटे चारपासून आजच्या पहाटे चारपर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाने काय काय केलं ते लिहून घेतलं. त्यातून आलं की देशात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात आणि घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटं. आता तुमचा प्रश्न ११: ‘अ‍ॅपवर दररोज सरासरी किती तास खर्च होतात?’ सरासरी काढणं हे आपलं काम, तिचं नाही. तिला काल सकाळपासून विचारा. काल पहिल्यांदा फोन कधी उघडला? तेव्हा कुठे होतात? मग कधी? रात्री? रात्रीचं विसरू नका, कारण ती ते कामात धरत नाही.

मारहाणीच्या पाहणीचं उदाहरण तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ‘तुमच्यावर हिंसाचार होतो का?’ असं विचारत नाहीत. ढकललं का, थोबाडीत मारली का, हात पिरगळला का, केस ओढले का, असं एकेक विचारतात. कारण ‘हिंसाचार’ हा आपला शब्द आहे, तिच्या लेखी ती ‘घरातली गोष्ट’. शिवाय एका घरात एकाच बाईला विचारायचं आणि एकांत मिळाला नाही तर हा भाग विचारायचाच नाही, असा नियम आहे. हे दोन्ही नियम आपण जसेच्या तसे घेऊ. तिथे सासू असते, इथे पर्यवेक्षिका मॅडम.

त्याच पाहणीत फोनबद्दलही एक प्रश्न आहे आणि तो मला फार आवडतो. ‘तुम्ही स्वतः वापरता असा मोबाइल तुमच्याकडे आहे का?’ २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ५४ टक्के बायकांनी ‘हो’ म्हटलं. ‘घरात मोबाइल आहे का?’ याला ‘हो’ म्हणणारी घरं ९० टक्क्यांहून जास्त. या दोन आकड्यांच्या मधल्या बायका म्हणजेच ज्यांच्या ओटीपीसाठी सेविका नवऱ्याला फोन लावत बसते त्या. ‘स्वतः वापरता’ हे दोन शब्द नसते तर त्या दिसल्याच नसत्या.

आता थोडं कडू बोलते. प्रश्न २२ वाचते: ‘अ‍ॅप किचकट व वेळखाऊ असल्यामुळे तुम्हाला मानसिक ताण व कौटुंबिक कलह सहन करावा लागतो का?’ एका वाक्यात चार प्रश्न आणि उत्तर आधीच भरलेलं. किचकट वाटतं पण वेळ लागत नाही, अशा बाईने काय करावं? ताण येतो पण घरात भांडण नाही, तिने? तुमचा हेतू मला कळतो. तुम्हाला तिचं दुःख बाहेर आणायचंय. पण हा कागद उद्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या टेबलावर जाणार. तिथे कुणीतरी हाच प्रश्न मोठ्याने वाचेल, हसेल आणि पुढचे सगळे आकडे बाजूला ठेवील. सगळ्या सेविकांनी खरं सांगितलेलं असूनही.

शब्दांनी उत्तर कसं हलतं याचा एक प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेत १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी केला. विद्यार्थ्यांना मोटार अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, गाड्या आपटून चुराडा झाला तेव्हा? ‘लागल्या’ ऐकणाऱ्यांनी सरासरी ३४ मैल सांगितला, ‘चुराडा’ ऐकणाऱ्यांनी जवळजवळ ४१. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तरी ‘चुराडा’ ऐकलेल्यांतल्या जास्त जणांना ती दिसली होती. तेव्हा कागदावरून ‘किचकट’, ‘वेळखाऊ’, ‘सहन’ हे शब्द काढा. ते तिने वापरले तर तिच्या शब्दांत, अवतरणचिन्हांत लिहून घ्या. त्याचं वजन जास्त पडेल.

मग ‘पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णतः असहमत’. ही पाच पायऱ्यांची पद्धत रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडली आणि तेव्हापासून जगभर चालते. आमच्या क्षेत्रात तिच्यावर बेतलेली १० विधानांची एक तयार प्रश्नावली आहे. जॉन ब्रुक या इंग्लंडमधल्या संगणक-कंपनीतल्या माणसाने १९८६ मध्ये केलेली. पाच विधानं चांगलं म्हणणारी, पाच वाईट म्हणणारी, आलटून पालटून. हिशेब करून ० ते १०० मध्ये गुण येतात आणि शेकडो पाहण्यांची सरासरी ६८ च्या आसपास आहे. तुमच्या शेवटच्या पानावर तिचंच भाषांतर आहे, मी ओळखलं. पण ती वाचता-लिहिता येणाऱ्या, अशा फॉर्मची सवय असलेल्या माणसाने स्वतः भरायची म्हणून केलेली आहे. तिच्यातला एक इंग्रजी शब्द तर इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना कळेना, म्हणून तो बदलून वापरतात. आपण ती मराठीत तोंडी विचारायला लागलो की काय होतं? ‘हे अ‍ॅप विनाकारण गुंतागुंतीचे आहे: असहमत.’ म्हणजे चांगलं की वाईट? बाई दोन क्षण थांबते, तुमच्या चेहऱ्याकडे बघते आणि तुम्हाला हवं असेल ते म्हणते. हसरे-रडके चेहरे दाखवले तर सगळ्यात हसऱ्यावर बोट ठेवते. विचारलं तर म्हणते, ‘हा छान काढलाय.’

माझा अनुभव असा की आणे चांगले चालतात. ‘रुपयातलं किती आणे जमतं?’ चार आणे, आठ आणे, बारा आणे, सोळा आणे. पन्नाशीच्या सेविका क्षणात सांगतात, ‘आहार वाटपाचं बारा आणे, फोटोचं चार आणे पण नाही.’ विशीतल्या मुली हसतात, त्यांना शंभरपैकी मार्क विचारा. काही ठिकाणी मी चिंचोके मांडले आहेत, पाचांतले किती उचलाल म्हणून. शास्त्रीय वाटत नाही ना? पण तिला कळलेलं मोजमाप तुम्हाला कळलेल्या मोजमापापेक्षा खरं उत्तर देतं. एकच अट: सगळ्या कार्यकर्त्यांनी सगळीकडे एकच वापरायचं. एकीने आणे, दुसरीने चिंचोके, असं केलंत तर बेरीज होणार नाही. म्हणजे पन्नाशीला आणे आणि विशीला मार्क असं दोन्ही ठेवलंत, तर प्रत्येक कागदावर काय वापरलं ते लिहा आणि दोन्ही ढीग वेगळे मोजा.

आता विचारायचं कुणाला? काल जेवताना सूचना आली की गूगल फॉर्म करू, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर टाकू, दोन दिवसांत हजार उत्तरं. येतील. पण कुणाची? ज्यांचा फोन चालतो, रेंज आहे, रिचार्ज आहे त्यांची. फोन न चालण्याबद्दलची पाहणी आपण फोनवर करणार! अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी सुमारे १ कोटी कार्डं पाठवली. पत्ते घेतले मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. मंदीच्या काळात टेलिफोन आणि मोटार कुणाकडे असणार? २३ लाखांच्या आसपास उत्तरं आली, त्यांवरून लँडन निवडून येणार असं छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. २३ लाख उत्तरं असून!

आपल्याला हजार नकोत. प्रकल्पनिहाय अंगणवाड्यांची यादी घ्या, चिठ्ठ्या टाका आणि जिचं नाव निघेल तिच्याकडे जा. दरीपलीकडच्या पाड्यावरची निघाली तर पाड्यावर जा. तिच्याऐवजी रस्त्यालगतची घेतली की संपलं. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ४०० जणी असतील तर टक्केवारी साधारण ५ इकडे-तिकडे एवढ्या अंदाजाने सांगता येते. एकाच गावातल्या किंवा बीटमधल्या बऱ्याचजणी घेतल्या तर अंदाज सैल होतो, कारण त्यांची रेंजही एकच आणि मॅडमही एकच. तुमच्याकडे माणसं कमी आहेत, तर १५० नीट करा आणि १५० केल्या असं स्पष्ट लिहा.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. क्रमांक ३१. ‘वजन न करता कधी अंदाजे आकडे भरले आहेत का?’

कागद वाचताना मी इथे सर्वात जास्त वेळ थांबले. हा प्रश्न ज्या मैत्रिणीने घातला तिला काय म्हणायचंय ते बरोबर आहे. काटा बिघडलेला, मूल गावाला गेलेलं, महिन्याची तारीख उलटत आलेली, आणि वरून ‘शंभर टक्के भरा’. अशा वेळी आकडा कुठून येणार? आणि तो आकडा खोटा असला तर कुपोषित मूल कागदावर धष्टपुष्ट होतं. यात मुलाचा जीव आहे. पण ‘हो’ म्हणणाऱ्या बाईचं मानधन आणि नोकरीही आहे. कागदावर गावाचं नाव, वय, नोकरीची वर्षं एवढं असलं तरी पुरे. गावात सेविका असतात किती? नाव न लिहिल्याने नाव लपत नाही.

यावर एक जुनी युक्ती आहे. स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या कल्पनेचं सोपं रूप. बाईच्या हातात एक नाणं द्यायचं. तिने पाठ फिरवून उडवायचं, आपण बघायचं नाही. छाप आली तर खरं काहीही असो, ‘हो’ म्हणायचं. काटा आला तर खरं सांगायचं. आता तिच्या ‘हो’चा अर्थ आपल्याला कळत नाही. छापेमुळे असेल, खरं असेल. मॅडमलाही कळणार नाही, कोर्टालाही नाही. पण सगळ्यांचं मिळून कळतं. समजा १०० जणींत ७० ‘हो’ आले. साधारण ५० जणींना छाप आली असणार, त्यांचे ५० ‘हो’ वजा करा. उरलेल्या ५० खरं बोलल्या, त्यांत २० ‘हो’. म्हणजे शंभरात चाळीस. मात्र थोड्या जणींवर हे करू नका, नाण्याच्या लहरीनेच आकडा हलतो. आणि आधी ‘काल मटण खाल्लंत का?’ असल्या बिनधोक प्रश्नावर खेळून दाखवा. बायका खूप हसतात, पण पद्धत पटते.

युक्ती सांगितली, तरी माझं मत असं की हा प्रश्न घालायचा की नाही ते आपण इथे ठरवायचं नाही. ‘शंभरात चाळीस सेविका खोटे आकडे भरतात’ ही उद्याच्या पेपरातली ओळ तुम्ही आत्ताच वाचून बघा. काटा बिघडला होता हे त्या ओळीत नसेल. म्हणून मी दोन गोष्टी सुचवते. एक, त्याच्या आधी हे विचारा: ‘वजनकाटा आत्ता चालू आहे का?’ आणि शक्य असेल तर पायाने दाबून बघाच. ‘गेल्या महिन्यात किती दिवस बंद होता? कळवलं होतं का? कुणाला? मग काय झालं?’ याची उत्तरं कुणाला अडचणीत आणत नाहीत आणि दोष जिथे आहे तिथे नेतात. दोन, ३१ वा प्रश्न घेऊन आधी सेविकांच्याच संघटनेत जा आणि विचारा, हे आकडे बाहेर यावेत असं तुम्हाला वाटतं का? त्या ‘नको’ म्हणाल्या तर तो प्रश्न गळला. मला मुलांच्या वजनाची काळजी नाही असं कुणी समजू नये. पण ज्यांच्याकडून माहिती घ्यायची त्यांच्याच गळ्यात ती अडकवायची, हे मी कंपन्यांच्या कामात पुष्कळ पाहिलंय. कर्मचाऱ्यांचं ‘मत’ विचारतात आणि दोन महिन्यांनी मत देणारीची बदली होते. तिथे मी पगारी असते, इथे नाही.

बाकीच्याबद्दल पटकन. ‘प्रशिक्षण मिळालं का?’ याला सगळ्या ‘हो’ म्हणतील, कारण सभागृहात बसून सह्या झाल्या आहेत. ‘प्रशिक्षणात फोन तुमच्या स्वतःच्या हातात होता का?’ असं विचारा. ‘रिचार्जचे पैसे मिळतात का?’ याऐवजी ‘शेवटचा रिचार्ज कधी, किती रुपयांचा आणि पैसे कुणी भरले?’ जात, उत्पन्न, शिक्षण हे प्रश्न पहिल्या पानावरून शेवटी न्या. सुरुवातीलाच जात विचारली की तोंड मिटतं. प्रश्न ३३ ते ३६ कशासाठी आहेत ते मला कळलं नाही. त्यांची उत्तरं आली तर तुम्ही काय कराल? कुणी सांगू शकलं तर ठेवा. माझ्या हिशेबाने ३८ चे १६ होतात आणि एका बाईचा अर्धा तास वाचतो. तो अर्धा तास ती घरी लवकर जाईल.

आणि छापण्याआधी प्रश्न पाच-सहा जणींवर चालवून बघा. फक्त उत्तर घेऊ नका. प्रश्न वाचून झाला की म्हणा, ‘ताई, मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा.’ तुम्हाला धक्के बसतील. ‘तांत्रिक अडचण’ म्हणजे एका बाईने मला ‘मांत्रिकाकडची’ का असं विचारलं होतं. ‘समाधानी आहात का?’ याला एकीने डोळे मिटून ‘देवाच्या कृपेने’ म्हटलं.

निष्कर्ष आले की ते आधी त्यांच्यासमोर वाचायचे, मग अधिकाऱ्यांसमोर. ‘असं नव्हतं ते’ असं म्हणायची संधी त्यांना मिळायला हवी, आणि त्या तसं म्हणाल्या तर तेही अहवालात छापायचं. एका मैत्रिणीने विचारलंय की असं केल्याने अहवाल लांबेल का. लांबेल. महिनाभर तरी.

चहा आलेला दिसतोय. चहा झाल्यावर दोघी-दोघींच्या जोड्या करा. एकीने सेविका व्हायचं, दुसरीने कार्यकर्ती. आपल्यात तीन सेविका आहेत, त्यांनी मात्र कुणाच्या जोडीत बसू नये. त्यांनी फिरत राहावं आणि जिथे प्रश्न ऐकून हसू येईल तिथे हात वर करावा. प्रश्न ४ पासून सुरू करा. १ ते ३ मी आधीच खोडले आहेत.